सनद कुणाकडे, जबाबदारी कुणाची?

जातीच्या, उत्पन्नाच्या, रहिवासाच्या दाखल्यासाठी किंवा न्यायालयात दाखल करण्यासाठी जे प्रतिज्ञापत्र लागते, त्यावर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क नाही. १ जुलै २००४ च्या शासन आदेशाने ते माफ झाले. साध्या कागदावर मजकूर लिहायचा आणि सक्षम अधिकाऱ्यासमोर सही करायची, एवढे पुरते. तरीही वीस वर्षे तालुक्याच्या गावोगावी माणसे शंभराचा बॉण्ड घेऊन रांगेत उभी राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये शंभर आणि दोनशेच्या मुद्रांकाची जागा पाचशेच्या मुद्रांकाने घेतली, तेव्हा या जुन्या सवयीची किंमत एका झटक्यात पाचपट झाली. शेवटी २०२५ मध्ये महसूल विभागाला तीच जुनी माफी पुन्हा जाहीर करावी लागली.

त्या माणसाला बॉण्ड घ्यायला सांगितले कुणी? याचे उत्तर शोधायला गेलो की हाती कुणी लागत नाही. मुद्रांक विक्रेता म्हणतो, गिऱ्हाईक मागते म्हणून देतो. टंकलेखक म्हणतो, खिडकीवर तसेच लागते. खिडकीवरचे भाऊसाहेब म्हणतात, आम्ही काही मागितले नाही, बाहेरच तसे तयार करून देतात. वकिलाला यातले काही विचारलेलेच नसते. पाचशे रुपये मात्र गेलेले असतात, आणि ज्याचे गेले त्याची त्या दिवसाची मजुरीही बुडालेली असते.

हा लेख त्या पाचशे रुपयांपासून सुरू करण्याचे कारण असे, की न्यायाच्या व्यवहारात सामान्य माणसाचा संबंध ज्यांच्याशी येतो त्यांतले निम्मे लोक वकील नसतात. आणि जे वकील असतात, त्यांतला कोण आपला, कोण सरकारचा, कोण फक्त सही-शिक्क्यापुरता, हे त्याला कुणी सांगितलेले नसते.

बीड जिल्ह्यातले अंबाजोगाई हे अशा व्यवहाराचे गजबजलेले गाव आहे. तालुक्याचे ठिकाण असूनही इथे सत्र न्यायालय बसते, उपविभागीय अधिकाऱ्याचे कार्यालय आहे, दुय्यम निबंधक आहेत. स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नावाचे सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे मोठे रुग्णालय असल्यामुळे अपघात, मारहाण, विषबाधा, भाजलेल्या बायका, यांची पोलिसी कागदपत्रेही इथेच जन्म घेतात. घाटनांदूर, बर्दापूर, लोखंडी सावरगावचा माणूस तर येतोच, पण परळी आणि केज भागातल्या अनेकांनाही इथली पायरी चढावी लागते. सकाळच्या एसट्या रिकाम्या झाल्या की एक लोंढा योगेश्वरीच्या देवळाकडे जातो, एक दवाखान्याकडे आणि एक कोर्टाकडे. कोर्टाकडे जाणाऱ्यांच्या हातात बहुधा प्लास्टिकची पिशवी असते आणि तिच्यात सातबारा, जुने फेरफार, आधारकार्डाच्या झेरॉक्स.

त्या कोर्टाच्या आवाराचा आजचा चेहरा समजायला थोडे मागे जावे लागते. निजामाच्या राज्यात हे गाव मोमिनाबाद होते. हैदराबाद संस्थानाची स्वतःची न्यायव्यवस्था होती आणि न्यायालयांची भाषा उर्दू. १९२१ मध्येच त्या संस्थानाने न्यायखाते महसुली कारभारापासून वेगळे केले, हे नोंदवायला हवे. मराठवाड्यातला त्या काळचा वकील उर्दूत युक्तिवाद करायचा, मोडीतले कागद वाचायचा आणि पक्षकाराशी मराठीत बोलायचा. याच वर्गातून सार्वजनिक जीवनाचे नेतृत्वही उभे राहिले. १९३७ मध्ये परतूरला संस्थानातल्या मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, त्याचे अध्यक्ष गोविंदराव नानल हे परभणीचे वकील होते. स्वामी रामानंद तीर्थ याच दशकात मोमिनाबादच्या योगेश्वरी शाळेत शिकवत होते. आणि १९४८ मध्ये रझाकारांच्या अत्याचारांचा निषेध म्हणून पंडित विनायकराव विद्यालंकार यांच्या पुढाकाराने संस्थानातल्या वकिलांनी न्यायालयांवर बहिष्कार टाकला. ज्यांची चूल वकिलीवर पेटत होती त्यांनी ती विझवून घेतली. मराठवाड्याच्या मुक्तिसंग्रामाचा इतिहास सांगताना या गोष्टीचा उल्लेख फार ओझरता होतो, याची खंत वाटते.

१९५६ मध्ये मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि अपिलाची वाट हैदराबादऐवजी मुंबईकडे वळली. चारशेहून अधिक किलोमीटरची ती वाट मराठवाड्याच्या माणसाने पंचवीस वर्षे तुडवली. २७ ऑगस्ट १९८१ रोजी औरंगाबादला उच्च न्यायालयाचे कामकाज सुरू झाले, त्यालाही आव्हान दिले गेले. नारायण शामराव पुराणिक यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये दुसऱ्या ठिकाणी न्यायालय बसवण्याचा मुख्य न्यायमूर्तींचा अधिकार मान्य केला, आणि १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. खंडपीठ जवळ आले म्हणून किती जमिनी वाचल्या याची मोजदाद नाही. पण अपील करायचे की नाही हा निर्णय प्रवासखर्चावर ठरत असे, ते दिवस संपले. कोल्हापूरकरांना यासाठी २०२५ च्या ऑगस्टपर्यंत थांबावे लागले.

इंग्रजी अमलातल्या भारतात कायद्याच्या व्यवसायाची उतरंड होती. बॅरिस्टर, सॉलिसिटर, हायकोर्ट वकील, प्लीडर, मुखत्यार, रेव्हेन्यू एजंट. कुणी कोणत्या कोर्टात उभे राहायचे, कुणी फक्त तहसीलपुरते बोलायचे, हे १८७९ च्या कायद्याने ठरवलेले. स्त्रियांना तर १९२३ चा वेगळा कायदा येईपर्यंत दारच बंद होते. न्यायमूर्ती एस. आर. दास यांच्या समितीने १९५३ मध्ये ही उतरंड मोडून देशभर एकच वकीलवर्ग असावा असे सुचवले आणि १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाने ते प्रत्यक्षात आणले. अंबाजोगाईच्या दिवाणी न्यायालयात वकिली करणारा आणि सर्वोच्च न्यायालयात उभा राहणारा, दोघांची सनद एकाच कायद्याखालची. फरक उरला तो ज्येष्ठ वकील या मानाच्या दर्जाचा. मुंबईत सॉलिसिटरची परीक्षा अजूनही इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी घेते, तिला व्यवसायात प्रतिष्ठाही आहे. पण कायद्याच्या लेखी तोही अधिवक्ताच.

ही फार मोठी समता होती आणि तिचे मोल कमी लेखू नये. पण १९६१ च्या कायद्याने जी उतरंड कागदावरून पुसली, ती आवारातून गेली नाही. मुखत्यार आणि रेव्हेन्यू एजंट यांच्या नव्या नोंदी थांबल्या, जुन्यांचे हक्क तेवढे राखले गेले. त्यांचे काम मात्र थांबले नाही. फेरफाराची हरकत कुणीतरी लिहायचीच असते, वाटणीपत्राचा मसुदा कुणीतरी करायचाच असतो. ते काम अर्जनवीस, दस्तलेखक, मुद्रांक विक्रेता, टंकलेखक, वकिलाचा कारकून आणि नुसताच ओळखीचा माणूस, यांच्यात वाटले गेले. यांतल्या काहींना परवाना आहे, काहींना नाही. पूर्वीचा मुखत्यार निदान कुणाला तरी उत्तर देत असे. आजचा ओळखीचा माणूस कुणालाच देत नाही.

अर्जनविसाबद्दल मला आदर आहे. लिहिता-वाचता न येणाऱ्या माणसाचे दुःख तहसीलदाराला कळेल अशा दहा ओळींत बसवणे सोपे नाही. कित्येक अर्जनविसांना हैदराबाद कुळकायद्याची कलमे नव्या वकिलापेक्षा जास्त पाठ असतात. मराठवाड्यात आजही १९५० चा हैदराबाद कुळवहिवाट कायदा लागू आहे, १९५४-५५ चे खासरा पत्रक अजूनही वादाचा निकाल फिरवते, आणि इनामी व सेवेच्या मोबदल्यात दिलेल्या खिदमतमाश जमिनींची गुंतागुंत पुण्या-मुंबईच्या वकिलाला सहजी उलगडत नाही. हे ज्ञान पुस्तकातून कमी आणि बसण्याच्या जागेतून जास्त मिळते. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा मराठवाड्यात मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांची एकदम शोधाशोध झाली. राज्याचे पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग आणि परीक्षा घेते म्हणून थोडे तरी जाणकार मिळाले. न्यायाच्या साखळीत हेही लोक आहेत, आणि त्यांच्या एका चुकीच्या वाचनाने एका घराण्याची जमीन किंवा जात बदलू शकते.

पण आदर आणि जबाबदारी या वेगळ्या गोष्टी आहेत. दस्ताचा मसुदा करणे, कायदेशीर सल्ला देणे, हीदेखील वकिलीच आहे असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये परदेशी लॉ फर्मच्या खटल्यात स्पष्ट केले. सनदेशिवाय न्यायालयात वकिली केली तर अधिवक्ता अधिनियमाच्या कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. हा कायदा दिल्ली-मुंबईच्या काचेच्या इमारतींसाठी लागू होतो आणि अंबाजोगाईच्या लिंबाखालीही लागू होतो. तिथे त्याचा अर्थ काय, हे मात्र कुणी ठरवून दिलेले नाही.

आता नोटरीविषयी सविस्तर लिहायला हवे, कारण मराठवाड्यातल्या लहान शहरांत सर्वांत जास्त नुकसान या एका शिक्क्याविषयीच्या गैरसमजातून होते.

समजा, घाटनांदूरकडचा एक माणूस आहे. ऊसतोडीला आठ-दहा हंगाम जाऊन त्याने आणि बायकोने चार पैसे जमवले. मुलांच्या शिक्षणासाठी शहराच्या कडेला एक-दीड गुंठा जागा घ्यायची ठरवली. जमीन शेतीची, बिगरशेती झालेली नाही, तुकडेबंदी कायद्यामुळे तेवढ्या तुकड्याचे खरेदीखत नोंदले जात नाही. मग विकणारा म्हणतो, नोटरी करून देतो. बॉण्डवर मजकूर टाइप होतो, दोघांचे फोटो चिकटतात, लाल गोल शिक्का बसतो, साक्षीदार सह्या करतात. माणूस घरी जाऊन तो कागद ट्रंकेत ठेवतो. त्याच्या लेखी जागा त्याची झाली.

कायद्याच्या लेखी काहीच झालेले नाही. शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री नोंदणीकृत खरेदीखतानेच होते, असे मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि १९०८ चा नोंदणी कायदा सांगतात. मुखत्यारपत्र, करारनामा आणि मृत्युपत्र यांच्या जोडणीने मालकी मिळत नाही हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात ठणकावून सांगितले. नोटरी फक्त एवढेच प्रमाणित करतो की अमुक माणसाने माझ्यासमोर सही केली. मजकूर खरा आहे, विकणारा मालक आहे, व्यवहार कायदेशीर आहे, यांतले काहीही तो शिक्का सांगत नाही. मूळ मालकाचा मुलगा पाच वर्षांनी ती जागा धरून सगळे शेत दुसऱ्याला रीतसर नोंदणी करून विकतो, तेव्हा ट्रंकेतला कागद बाहेर येतो आणि वकिलाच्या टेबलावर ठेवला जातो. तोपर्यंत पैसे कधीच वसूल न होणारे झालेले असतात.

नोटरी कोण होऊ शकतो? १९५२ चा कायदा आणि १९५६ चे नियम सांगतात की किमान दहा वर्षे वकिली केलेला. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमाती आणि इतर मागासवर्गीय यांच्यासाठी सात वर्षे. म्हणजे नोटरी हा अनुभवी वकील असतो. त्याला नोंदवही ठेवावी लागते, प्रत्येक नोंदीवर पक्षकाराची सही घ्यावी लागते, नियमात ठरलेलेच शुल्क घ्यावे लागते. पक्षकार समोर नसताना शिक्का मारणे किंवा मागची तारीख टाकणे हे गैरवर्तन आहे आणि त्याबद्दल सरकार चौकशी करून नेमणूक रद्द करू शकते. २०२४ मध्ये केंद्र सरकारने एकट्या महाराष्ट्रात चौदा हजारांहून अधिक नवे नोटरी नेमले. संख्या वाढल्याने लोकांची सोय झाली, हे खरे. देखरेख करणारे मात्र त्या प्रमाणात वाढले नाहीत. शिवाय याच कायद्याच्या कलम १३ ने नोटरीला असे संरक्षण दिले आहे की, त्याने कामाच्या ओघात केलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालय फक्त सरकारने अधिकार दिलेल्या अधिकाऱ्याच्या लेखी तक्रारीवरूनच घेऊ शकते. फसलेल्या माणसाला थेट दार नाही. त्याने आधी सरकारला पटवायचे. माझ्या मते या कलमाचा फेरविचार व्हायला हवा.

लग्न आणि काडीमोडाच्या बाबतीत तर हा शिक्का आणखी घातक ठरतो. पाचशेच्या बॉण्डवर दोघांच्या संमतीने फारकत लिहून घ्यायची, नोटरी करायची आणि दुसरे लग्न लावायचे, हे आजही चालते. नोटरीला विवाह किंवा घटस्फोटाचा दस्त करून देण्याचा अधिकार नाही, असे केंद्रीय कायदा विभागाने २०२४ मध्ये लेखी कळवले आहे. त्या बॉण्डवर सही-अंगठा केलेली बाई पुढे पोटगी मागायला येते तेव्हा तोच कागद तिच्या तोंडावर फेकला जातो. अंबाजोगाईत द्वारकादास आणि शैला लोहिया यांनी १९८२ मध्ये मानवलोक ही संस्था उभी केली आणि त्यातूनच परित्यक्ता व पीडित स्त्रियांसाठी मनस्विनी प्रकल्प उभा राहिला. वकिलाकडे जाण्याआधी बाईला बसायला जागा, ऐकायला माणूस आणि कागद वाचून दाखवणारी कार्यकर्ती हवी असते, हे या गावाने फार आधी ओळखले. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने संरक्षण अधिकारी आणि सेवा पुरवणाऱ्या संस्था यांना कायद्यात जागा दिली. त्याच्या दोन दशके आधी इथे ते काम सुरू झाले होते.

फौजदारी बाजूला गोंधळ वेगळा आहे. ज्याच्या घरी खून झाला किंवा ज्याचे डोके फुटले, तो सरकारी वकिलाला आपला वकील समजतो. तो वकील तसा नसतो. गुन्हा राज्याविरुद्ध मानला जातो आणि सरकारी वकील राज्याचा असतो. त्यातही दोन जाती आहेत. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात काम चालवणारे सहायक सरकारी अभियोक्ता हे लोकसेवा आयोगातून आलेले पगारी अधिकारी. सत्र न्यायालयातले सरकारी अभियोक्ता मात्र वकिली करणाऱ्यांतून ठराविक मुदतीसाठी नेमलेले, किमान सात वर्षांचा अनुभव असलेले. सरकार विशेष खटल्यासाठी दहा वर्षांचा अनुभव असलेला विशेष सरकारी वकीलही नेमू शकते. शेजारच्या केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांचा डिसेंबर २०२४ मध्ये खून झाला. त्या खटल्यात उज्ज्वल निकम यांची नेमणूक व्हावी म्हणून गावकऱ्यांनी आंदोलन केले आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये सरकारने ती मागणी मान्य केली. खटला न्यायालयापुढे आहे, त्याविषयी बोलणे योग्य नाही. पण वकील कोण यावर आपला न्याय अवलंबून आहे, ही एका खेड्याची जाणीव त्या मागणीत होती.

प्रत्येक घराला निकम मिळत नाहीत. पण एक गोष्ट प्रत्येकाला मिळू शकते आणि ती फार थोड्यांना ठाऊक आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २४ मध्ये होती तशीच तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८ मध्ये आहे: न्यायालयाच्या परवानगीने पीडित माणूस सरकारी पक्षाला मदत करण्यासाठी स्वतःचा वकील लावू शकतो. युक्तिवादाची सूत्रे सरकारी वकिलाच्याच हाती राहतात, पण आपल्या बाजूचे कागद, साक्षीदार, तारखा यांच्याकडे लक्ष ठेवणारा आपला माणूस कोर्टात असतो. पोलीस ठाण्यात फिर्याद घेतानाच हे सांगितले गेले तर किती फरक पडेल.

ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याचे काय? घटनेच्या अनुच्छेद ३९-अ ने मोफत कायदेशीर मदतीचे वचन दिले आणि १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून लागू झाला. तालुका विधी सेवा समिती कोर्टाच्याच इमारतीत असते. स्त्री, मूल, अनुसूचित जाती-जमातीची व्यक्ती, दिव्यांग, औद्योगिक कामगार, कोठडीतला आरोपी, यांना उत्पन्नाची अट नाही. बाकीच्यांसाठी महाराष्ट्रात वार्षिक तीन लाखांची मर्यादा आहे. म्हणजे या तालुक्यातली कोणतीही बाई, मग ती मोलमजुरी करणारी असो की बागायतदाराची सून, फुकट वकील मिळवण्यास पात्र आहे. तरीही बायका दागिने मोडून फी भरतात. फुकटचा वकील लक्ष देत नाही अशी समजूत आहे आणि ती सगळीच खोटी नाही. पॅनेलवरच्या वकिलाला मिळणारे मानधन त्याच्या श्रमाच्या मानाने तुटपुंजे असते. २०२२ पासून फौजदारी खटल्यांसाठी जिल्हा पातळीवर पूर्णवेळ बचाव वकिलांची पद्धत सुरू झाली. त्या वकिलांना खासगी वकिली करता येत नाही, त्यामुळे त्यांचे लक्ष दुसरीकडे जाण्याचे कारण उरत नाही. ही सुधारणा चांगली आहे आणि ती दिवाणी व कौटुंबिक बाजूलाही यायला हवी.

आता खुद्द वकिलाकडे वळू.

आपल्याकडे भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे आणि मोटार अपघाताच्या नुकसानभरपाईचे दावे पुष्कळ. धनेगावच्या मांजरा धरणापासून आजच्या महामार्गांपर्यंत या भागाची जमीन सतत संपादित होत आली आहे. अशा दाव्यांत टक्केवारीवर वकील लावण्याची पद्धत सर्वांना माहीत आहे. आधी काही देऊ नका, मिळाल्यावर इतके टक्के. हातात पैसा नसलेल्या शेतकऱ्याला ते सोयीचे वाटते. पण बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून असलेली फी ठरवणे किंवा मिळालेल्या रकमेत वाटा घेणे हे वकिलाला साफ निषिद्ध आहे. कारण उघड आहे. ज्या क्षणी वकील वाटेकरी होतो, त्या क्षणी तडजोड कधी करायची, अपील करायचे की नाही, हा सल्ला पक्षकाराच्या हिताचा राहीलच असे नाही. पक्षकाराच्या पैशांचा हिशेब ठेवणे आणि मागितल्यावर देणे, पुरेशा कारणाशिवाय काम न सोडणे, सोडल्यास न केलेल्या कामाची फी परत करणे, हेही नियमांत आहे. फी थकली म्हणून वकील फाइल अडवून ठेवू शकत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये आर. डी. सक्सेना प्रकरणात सांगितले. वकिलांना संपाचा हक्क नाही, हे २००२ मध्ये हरीश उप्पल प्रकरणात सांगितले. आणि अलीकडे, १४ मे २०२४ रोजी, वकिलाची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येत नाही असा निर्णय दिला.

या शेवटच्या निर्णयानंतर व्यावसायिक गैरवर्तनाची तक्रार नेण्याचे मुख्य दार एकच उरले: महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिल. तिची तीन सदस्यांची शिस्तपालन समिती कलम ३५ खाली वकिलाला समज देऊ शकते, सनद निलंबित करू शकते किंवा कायमची काढून घेऊ शकते. एक वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जाते, आणि शेवटचे अपील सर्वोच्च न्यायालयात. कागदावर ही रचना भक्कम आहे. पण बर्दापूरच्या म्हातारीने तिच्या वकिलाविरुद्ध दाद मागायची तर त्या वकिलाच्याच व्यवसायबंधूंकडे, तेही मुंबईला. त्या तक्रारीचा अर्ज लिहून द्यायलाही गावातला दुसरा वकील सहसा तयार होत नाही, कारण उद्या त्यालाही त्याच बाररूममध्ये बसायचे असते.

वकिलांची बाजू मांडल्याशिवाय हे चित्र अपुरे राहील. तालुक्याच्या कोर्टात नवा सनदधारक पहिली काही वर्षे जवळजवळ फुकट राबतो. सनद मिळवतानाच राज्याराज्यांत हजारो रुपये घेतले जात होते. कायद्यात ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५ रुपये एवढेच शुल्क आहे, त्यापेक्षा जास्त घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला बजावले तेव्हा कुठे गरीब घरच्या पदवीधरांना दिलासा मिळाला. २० मे २०२५ च्या निर्णयाने न्यायाधीश होण्यासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आली. ती योग्य आहे असे मला वाटते, पण त्या तीन वर्षांत तरुणाने आणि विशेषतः तरुणीने खायचे काय, हा प्रश्न तिने अधिक धारदार केला. सुरक्षिततेचा प्रश्न त्याहून मोठा आहे. जानेवारी २०२४ मध्ये राहुरीत एका वकील दांपत्याचा खून झाला. एप्रिल २०२५ मध्ये अंबाजोगाई न्यायालयात वकिली करणाऱ्या एका महिलेला तिच्याच गावात झालेल्या मारहाणीच्या बातमीने राज्य हादरले. राजस्थान आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये वकिलांच्या संरक्षणासाठी कायदे केले. महाराष्ट्रातल्या वकिलांची तीच मागणी आहे आणि ती न्याय्य आहे. घाबरलेला वकील पक्षकाराला उभे करू शकत नाही.

बीडने न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर यांच्यासारखा माणूस दिला. वकील, उच्च न्यायालयाचे न्यायाधीश आणि मराठीतले एक मोठे चरित्रकार. २०२३ च्या वर्ध्याच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. या व्यवसायाची परंपरा केवळ अर्थार्जनाची नाही, सार्वजनिक विवेकाची आहे, हे त्यांच्या लेखनातून सतत दिसत राहिले. त्या परंपरेचा आधार घेऊनच पुढचे मागणे मांडतो.

२०२३ च्या दुरुस्तीने दलालांविरुद्धची तरतूद अधिवक्ता अधिनियमात आली. न्यायालयाला दलालांची यादी करून ती लावता येते, यादीतल्याला आवारात येण्यास मनाई करता येते, आणि तरीही दलाली केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद आहे. दलालांची यादी लागेल तेव्हा लागो. त्याआधी दुसरी एक यादी लावणे सोपे आहे. कोर्टाच्या, तहसीलच्या आणि दुय्यम निबंधकाच्या दारात मराठीत मोठ्या अक्षरांत फलक असावा. परवानाधारक मुद्रांक विक्रेते, दस्तलेखक आणि नोटरी यांची नावे आणि अधिकृत शुल्क. कोणत्या प्रतिज्ञापत्राला मुद्रांक लागत नाही. नोटरीने जागा नावावर होत नाही. मोफत वकील कोणत्या खोलीत मिळतो. आणि कुणाविरुद्ध कुठे तक्रार करायची: मुद्रांक विक्रेत्याविरुद्ध सह जिल्हा निबंधकांकडे, नोटरीविरुद्ध त्याला नेमणाऱ्या सरकारकडे, वकिलाविरुद्ध बार कौन्सिलकडे. जिल्हा आणि त्याखालच्या न्यायालयांची भाषा मराठी करणारी अधिसूचना २१ जुलै १९९८ ची आहे. मग दारावरचा फलकही मराठीत, खेड्यातल्या माणसाला वाचता येईल असा हवा. अंबाजोगाईच्या वकील संघाने मनावर घेतले तर हे काम एका महिन्याचे आहे, आणि त्याला कोणत्याही नव्या कायद्याची गरज नाही.

तोवर वाचकांनी आपल्या गावातल्या चार माणसांना एवढे तरी सांगावे. विधी सेवा प्राधिकरणाचा मोफत दूरध्वनी क्रमांक १५१०० आहे. आणि वकिलाविरुद्धची तक्रार इंग्रजीतच लागते हे खरे नाही. सही आणि सत्यापन करून ती मराठीत देता येते, दिल्लीला पाठवायची वेळ आली तर भाषांतर करून घेण्याची जबाबदारी बार कौन्सिलची आहे.